बारा जन्म, नऊ मुलगे

आज थोडी आकडेमोड करायची आहे, तेव्हा जवळ कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा. नसेल तर एखादं नाणं असलं तरी चालेल. रुपयाचं असो की पाचाचं, हिशेब तोच येतो.

मी अंबाजोगाईत बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. आमच्याकडे या विषयाला येणारी मुलं दोन प्रकारची असत. काहींना दुसरीकडे प्रवेश मिळालेला नसे, तर काहींना कुणीतरी सांगितलेलं असे की यात मार्क चांगले पडतात. संभाव्यतेचा धडा सुरू झाला की पुस्तकात फासे, पत्ते आणि पिशवीतले लाल-पांढरे चेंडू. एकदा मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं होतं, "सर, आमच्याकडं पिशवीत बाजार असतो, चेंडू कुठं असतात?" वर्ग हसला, मीही हसलो. पण तेव्हापासून मी उदाहरणं बदलायला लागलो.

निवृत्त झाल्यानंतर तीन वर्षांनी, मार्चमधल्या एका रविवारी, माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती आता केज तालुक्यातल्या एका लहान गावाची ग्रामसेविका आहे. खेड्यात जन्म-मृत्यूची नोंद ग्रामसेवकाकडे असते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तिनं पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"सर, वर्षभरात गावात बारा जन्म झाले. नऊ पोरं, तीन पोरी. वरून पत्र आलंय, हजार मुलांमागे तीनशे तेहतीस मुली, तातडीनं खुलासा करा. सरपंच आबा म्हणतात गावाची अब्रू गेली. मी काय खुलासा लिहू?"

मी आधी सरळच विचारलं, "गावात तसलं काही चालतं का?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला तर तसं दिसलं नाही. पण शपथेवर कसं सांगू सर? कुणाच्या घरात काय ठरतंय ते बाहेर कळतंय का?"

हे उत्तर मला आवडलं. माणसाला ठाऊक नसतं तिथे आकड्याला विचारायचं, पण आकडा किती सांगू शकतो आणि कुठे गप्प बसतो हेही बघायचं.

तेव्हा नाणं घ्या. छापा म्हणजे मुलगा, काटा म्हणजे मुलगी. ते बारा वेळा उडवा. प्रत्येक वेळी दोन शक्यता, म्हणजे बारा वेळांत दोन गुणिले दोन असं बारा वेळा करत गेलं की एकूण ४,०९६ प्रकारे निकाल लागू शकतो. आता त्यांतले नऊ किंवा त्याहून अधिक छापे असलेले निकाल किती? बरोबर नऊ छापे म्हणजे बारांपैकी कुठल्या तरी तीन जागी काटा. बारांतून तीन जागा २२० प्रकारे निवडता येतात. दहा छाप्यांचे ६६ प्रकार, अकराचे १२, आणि बाराच्या बारा छापे हा एकच. बेरीज २९९. म्हणजे ४,०९६ पैकी २९९, शेकडा सात-सव्वासात. पुस्तकात याला द्विपद वितरण म्हणतात. नाव जड आहे, पण आत एवढंच आहे.

आता एक दुरुस्ती. निसर्ग अगदी निम्मं-निम्मं वाटत नाही. जगभर कुठेही बघा, कुणी ढवळाढवळ केली नाही तर शंभर मुलींमागे साधारण एकशे पाच मुलगे जन्मतात. म्हणजे हजार मुलांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली. आपल्या नाण्याची छाप्याची बाजू किंचित भारी आहे असं समजा. तसं धरून पुन्हा हिशेब केला तर बारांत नऊ किंवा जास्त मुलगे होण्याची शक्यता शेकडा साडेआठ येते.

"मग सर, ही शक्यता कमी म्हणायची का जास्त?"

प्रश्न मोक्याचा होता. एकाच गावाकडे बघितलं तर कमी वाटते. पण पत्र पाठवणाऱ्यानं एकच गाव बघितलेलं नसतं. त्यानं यादी बघितलेली असते. समजा बाराच जन्म झालेली हजार गावं आहेत आणि एकाही गावात कुणी काही गैर केलेलं नाही. तरीही त्यातल्या पंच्याऐंशी गावांत नऊ किंवा अधिक मुलगे जन्मणारच. यादी लावली की ही पंच्याऐंशी गावं तळाला जातात आणि प्रत्येक ग्रामसेवकाला खुलासा लिहावा लागतो. गंमत पुढे आहे. त्याच हजार गावांत साधारण बासष्ट गावं अशी निघतील, की जिथे नऊ किंवा अधिक मुली झाल्या. त्यांनीही काहीच केलेलं नाही. पण त्यांचे फोटो छापून येतात, सरपंचांना शाल-श्रीफळ मिळतं.

तिनं विचारलं, "म्हणजे हे वर्गातल्या सापाच्या गणितासारखंच झालं की!"

हे सापाचं गणित सांगायलाच हवं. संख्याशास्त्राच्या पुस्तकांत पॉयसाँ वितरणासाठी एक प्रसिद्ध उदाहरण असतं. बोर्टकीविच नावाच्या अभ्यासकानं १८९८ मध्ये प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेनं किती सैनिक मेले, याच्या वीस वर्षांच्या नोंदी घेऊन हिशेब मांडला होता. क्वचित घडणाऱ्या गोष्टी कशा विखुरतात, ते त्यात दिसतं. आमच्या पोरांना प्रशियाही ठाऊक नाही आणि घोडदळही. म्हणून मी सापावर आलो. एका आरोग्य केंद्रात पावसाळ्यात आठवड्याला सरासरी दोन सर्पदंशाचे रुग्ण येतात. तर एखाद्या आठवड्यात पाच किंवा अधिक येण्याची शक्यता किती? उत्तर येतं शेकडा सव्वापाच. साधारण एकोणीस आठवड्यांत एकदा. ज्यानं सरासरी बघून दोघांपुरतंच औषध ठेवलं, त्याच्या दारात त्या आठवड्यात पाच जण उभे राहतात. कुणी साप सोडलेले नसतात. सरासरी दोन असली म्हणजे दर आठवड्याला दोनच येतात असं नाही, एवढीच गोष्ट. हे मुलांना लगेच कळायचं, कारण प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारी असा एक माणूस असायचाच.

तर परत गावाकडे. मी तिला म्हटलं, एका वर्षाचा आकडा बाजूला ठेव, मागच्या नोंदी बघ. तिनं दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, हे वर्ष धरून चार वर्षांत एकूण ५३ जन्म, २९ मुलगे, २४ मुली. निसर्गाच्या हिशेबानं सव्वीसच्या आसपास मुली यायला हव्यात. दोनाचा फरक. इतका फरक तर नाणं रोजच दाखवतं. गावावर ठपका ठेवण्यासारखं त्या वहीत काही नव्हतं.

इथे एक गोष्ट घाईनं बोलून जाऊ नये म्हणून जरा थांबतो. माझं म्हणणं असं अजिबात नाही की सगळा योगायोगच आहे. आकडे जितके वाढतात तितकी योगायोगाला जागा कमी होत जाते. हेच नऊ-तीनचं प्रमाण बारांऐवजी एकशे वीस जन्मांत आलं असतं, म्हणजे ९० मुलगे आणि ३० मुली, तर? एकशे वीस जन्मांत मुलगे सरासरी ६१ यावेत आणि त्यात पाच-साडेपाचाचा चढउतार सहज व्हावा. या साडेपाचाला आम्ही प्रमाण विचलन म्हणतो. ते काढायची रीत सोपी: जन्मांची संख्या, गुणिले मुलगा होण्याची शक्यता, गुणिले मुलगी होण्याची शक्यता, आणि आलेल्या गुणाकाराचं वर्गमूळ. एका प्रमाण विचलनाचा फरक नेहमीचा, दोनांचा क्वचित, तीनांचा कधीतरी. ९० मुलगे म्हणजे पाच प्रमाण विचलनांहून जास्त फरक. तिथे मी खुलासा मागणाऱ्याच्या बाजूनं उभा राहिलो असतो. टक्केवारी तीच, पण बारांतली आणि एकशे विसांतली टक्केवारी एक नव्हे. महिन्याच्या महिन्याला गावागावाचं प्रमाण काढणाऱ्यांनी तर हे लिहूनच ठेवावं. एखाद्या वाडीत महिन्यात दोन जन्म झाले आणि दोन्ही मुलगे निघाले, तर हजार मुलांमागे मुलींचं प्रमाण शून्य! आता शून्याचा खुलासा काय करणार?

आता जिल्ह्याकडे या. इथे माझा स्वर बदलेल.

२००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये हा आकडा ८०७ वर आला. सगळ्या महाराष्ट्रात सर्वांत खाली. २०२१ साली ठरलेली जनगणना कोविडमुळे झाली नाही, त्यामुळे घरोघर मोजलेला हाच आकडा आपल्या कपाळावर राहिला. जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा २५ लाख ८५ हजार, तेव्हा सहा वर्षांखालची मुलं लाखांच्या घरात. पण आपण मुद्दाम कमी धरू. त्यातली फक्त दहा हजार मुलं घेऊ. निसर्गाच्या हिशेबानं त्यात ४,८८० मुली असाव्यात. प्रमाण विचलन काढलं तर जवळजवळ बरोबर पन्नास येतं. म्हणजे ४,८३० किंवा ४,९३० मुली असत्या तरी कुणी भुवई उंचावली नसती. ४,७८० असत्या तर जरा बघावं लागलं असतं. हजाराला ८०७ म्हणजे दहा हजारांत ४,४६६. चारशे चौदा मुली कमी. पन्नासाच्या आठ पटींहून जास्त. निव्वळ योगायोगानं असं होण्याची शक्यता किती? एकावर सोळा शून्यं देऊन जो आकडा होतो, तेवढ्या वेळा हा खेळ पुन्हापुन्हा मांडला तरी एकदाही असं होईल याची खात्री नाही. आणि हे दहा हजारांचं. प्रत्यक्षात मुलं त्याच्या कितीतरी पट होती.

हा आकडा सांगितला की सभेत कुणीतरी उठतंच. दोन मुद्दे मी इतक्या वेळा ऐकले आहेत की त्यांची उत्तरं पाठ झाली आहेत.

पहिला मुद्दा ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातले लाखो लोक कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. जनगणना फेब्रुवारीत होते, तेव्हा गावं निम्मी रिकामी असतात. म्हणून आकडा चुकला, असं म्हणतात. मुद्दा वरवर बरोबर दिसतो. पण दोन प्रश्न विचारा. प्रमाण बिघडायचं तर आई-बापांनी मुली तेवढ्या बरोबर न्यायला हव्यात आणि मुलगे गावी ठेवायला हवेत. दोन-तीन वर्षांचं लेकरू आईबरोबरच जातं, मग मुलगा असो की मुलगी. आणि दुसरं, २००१ ची जनगणनाही फेब्रुवारीतच झाली होती. तेव्हाही कोयते फडातच होते. मग ८९४ चे ८०७ कशानं झाले?

दुसरा मुद्दा अधिक चतुर आहे, आणि तो आमच्या सरपंच आबांनीही मांडला होता. "सर, लोक मुलगा झाला की थांबतात. मुली झाल्या तर पुढं चालू ठेवतात. त्यामुळं मुलांची संख्या वाढणारच की. त्यात पाप काय?" ऐकायला पटतं. चांगली शिकलेली माणसंही मान डोलावतात. पण हे चूक आहे, आणि का चूक आहे ते कागदावर पाच मिनिटांत दिसतं.

एक हजार कुटुंबं घ्या. सोपं जावं म्हणून निम्मं-निम्मं धरू. पहिल्या खेपेला पाचशे मुलगे, पाचशे मुली. मुलगा झालेली पाचशे घरं थांबली. उरलेल्या पाचशे घरांत दुसऱ्या खेपेला अडीचशे मुलगे, अडीचशे मुली. पुन्हा अडीचशे घरं थांबली. तिसऱ्या खेपेला सव्वाशे आणि सव्वाशे. आता कुठल्याही ओळीला थांबून बेरीज करा. मुलगे ७५०, मुली ७५०. पुढच्या ओळीनंतर ८७५ आणि ८७५. थांबायचं कधी हे आई-बाप ठरवतात, पण प्रत्येक खेपेला नाणं नव्यानंच पडतं. याला भौमितिक वितरण म्हणतात आणि परीक्षेत ते सहा मार्कांना यायचं. मुलगा झाल्यावर थांबण्यानं गावातलं मुला-मुलींचं प्रमाण तसूभरही हलत नाही. हलतं ते वेगळंच काहीतरी. एकटे मुलगे लहान घरांत वाढतात आणि मुली मोठ्या घरांत, चार बहिणींत एक अशा. दुधाचा पेला आणि शाळेची फी तेवढ्यांत वाटली जाते. पाप नाही असं आबांनी म्हणावं, मला तेवढं खात्रीनं म्हणता येत नाही. पण ८०७ चं उत्तर मात्र तिथे नाही.

मग उत्तर कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तरी २०१२ साली परळीत बेकायदा गर्भपातात एका बाईचा जीव गेला, तेव्हा कुठे राज्यभर आरडाओरड झाली. २०१५ मध्ये 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' सुरू झालं तेव्हा देशातल्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत आपलं नाव होतं. अशा यादीत नाव येण्यात भूषण काही नाही.

मुला-मुलींच्या जन्माचे आकडे घेऊन योगायोग की दुसरं काही, हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस तीनशे वर्षांपूर्वीचा होता. जॉन आर्बथनॉट नावाचा इंग्लंडच्या राणीचा डॉक्टर. त्यानं लंडनमधल्या १६२९ ते १७१० या ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी तपासल्या. दर वर्षी, न चुकता, मुलगेच जास्त. त्यानं विचार केला, ८२ वेळा नाणं उडवलं आणि ८२ वेळा छापाच पडला, तर हे नाणं साधं नव्हे. हा जो विचार, की केवळ योगायोगानं असं घडण्याची शक्यता काढायची आणि ती फारच कमी आली तर योगायोग सोडून द्यायचा, त्यावर पुढे सगळं संख्याशास्त्र उभं राहिलं. औषध लागू पडतं की नाही, बियाणं चांगलं की वाईट, हे आजही याच रीतीनं ठरवतात. आर्बथनॉटनं मात्र निष्कर्ष काढला की यामागे ईश्वराची योजना आहे. पुरुष कष्टांत आणि धोक्यांत जास्त मरतात, म्हणून देव आधीच थोडे जास्त पाठवतो. योगायोग नाही, एवढं त्याचं बरोबर होतं. त्यापुढचं त्यानं आपल्या मनातलं घातलं. गणित "योगायोग नाही" एवढंच सांगून थांबतं. कोण, कुठल्या दवाखान्यात, कुणाच्या सांगण्यावरून, हे त्याला विचारून उपयोग नाही. त्यासाठी रजिस्टरं, सोनोग्राफीचे अर्ज आणि धीर धरून तपास करणारी माणसं लागतात. आणि गणितानं निर्दोष ठरवलेल्या गावात एकही गुन्हा झाला नाही, असंही सिद्ध होत नाही. बारा जन्मांच्या वहीत एक नाहीशी झालेली मुलगी दिसत नाही. जिल्ह्याच्या बेरजेत मात्र अशा हजारो जणी दिसतात.

त्या रविवारी खुलासा लिहून झाला. एक पान. वर आकडे, खाली हिशेब, शेवटी विनंती की गावांची यादी लावताना निदान पाच वर्षांचे जन्म एकत्र धरावेत. ती कागद घडी घालून निघाली आणि दारात थांबली. म्हणाली, "सर, एक घरचं विचारू का? मला दोन पोरी आहेत. सासूबाई म्हणतात दोन झाल्या, आता तिसरा मुलगाच होणार, देव एवढा निर्दयी नसतो. खरं किती?"

मी म्हटलं, "शंभरात एक्कावन्न."

"पहिल्या वेळी किती होते?"

"एक्कावन्नच."

ती हसली. "घरी जाऊन हे नाण्यावर करून दाखवते," म्हणाली. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरतं, आईचा त्यात काही हात नाही, हे तिला सांगायची गरज नव्हती. नवऱ्यासमोर सासूबाईंना सांगायची होती, पण तो माझा प्रांत नव्हे.

खुलाशाचं पुढे काय झालं म्हणाल, तर काहीच नाही. उत्तर आलं नाही. वर्षभरानं तिचा फोन आला. गावात अकरा जन्म झाले होते, सात मुली आणि चार मुलगे. चार वर्षांतून एखाद्या वेळी असं होतंच. पण या खेपेला वरून जे पत्र आलं होतं ते अभिनंदनाचं होतं. उल्लेखनीय सुधारणा केल्याबद्दल सरपंच आणि ग्रामसेविका यांचा तालुक्याला सत्कार ठरला होता.

"सर, आता काय करू? जाऊ का नको? आबांनी तर नवं धोतर आणलंय."

मी म्हटलं, "जा. शाल घे. आणि भाषण करायला लावलं तर पाच वर्षांची बेरीज वाचून दाखव."

तिनं वाचून दाखवली. चौसष्ट जन्म, तेहतीस मुलगे, एकतीस मुली. टाळ्या पडल्या नाहीत म्हणे.